दापोली तालुका आणि लष्करची मुले

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत मूळ गावाचा प्रश्न निघाला की उत्तर सहसा एकदम येत नाही. आडनाव असते, गोत्र असते, कुलदैवत असते. पण गावाचे नाव घेतल्यावर तिथली वाट, विहीर, देऊळ डोळ्यांपुढे उभे राहत नाही. शिंद्यांच्या फौजेबरोबर, कारभाराबरोबर, पुढे नोकरीबरोबर आपली घराणी इकडे आली आणि पाच-सहा पिढ्यांच्या अंतरात ते गाव कागदावरच्या नावापुरते उरले. मात्र याच घरांत एक गाव असे आहे की ज्याची विहीर, ज्याचा वड आणि ज्याचा पाऊस थोरामोठ्यांना तोंडपाठ आहे. ते गाव म्हणजे पालगड. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नाही. ते आपल्याला एका पुस्तकातून मिळाले.

पालगड हे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याचे गाव. या एका तालुक्याच्या मातीतून मराठी मुलांच्या आणि कुमारवयीनांच्या वाचनाचा केवढा मोठा भाग उगवला, तो कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला, आणि तेथून इतक्या दूर नई सडकेवर वाढणाऱ्या मुलांचा तो कसा झाला, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ज्यांचा उल्लेख पुढे येईल ती सर्व पुस्तके मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत. काही मुलांसाठी लिहिली गेली. काही मुलांनी मिसरूड फुटण्याच्या वयात मोठ्यांच्या कपाटातून काढून आपलीशी केली. घरातल्या वाचनाचा इतिहास पाहायचा तर दोन्ही प्रकार जमेस धरावे लागतात.

प्रथम तालुक्याची ओळख. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस खेड, उत्तरेस मंडणगड. किनाऱ्यावर हर्णे, मुरुड, आंजर्ले, मुर्डी अशी नारळी-पोफळीची गावे; आत डोंगरांच्या कुशीत पालगडसारखी भाताची आणि आंब्या-फणसांची गावे. हर्णैच्या समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे नामांकित ठाणे, आणि त्याच आंग्रे घराण्याची एक शाखा पुढे ग्वाल्हेरच्या सरदारांत मोडू लागली, हे येथील वाचकांना सांगावयास नकोच. खुद्द दापोली शहर वसले ते छावणी म्हणून. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी तेथे लष्करी ठाणे केले आणि लोक त्याला ‘कॅम्प दापोली’ म्हणू लागले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्या तळाचेच लष्कर शहर झाले. त्यातल्या ‘कंपू’ या वस्तीच्या नावात तोच इंग्रजी शब्द मराठी फौजेच्या तोंडून आलेला आहे. दोन्ही गावे तंबूंच्या जागी वसलेली. हा योगायोग आम्ही केवळ गमतीसाठी नोंदवीत आहोत. त्यावर काही सिद्धान्त उभारण्याचा हेतू नाही.

या तालुक्याचे बालपण पुस्तकात प्रथम ठळकपणे आले ते १९१५ साली, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’त. कर्व्यांचे बालपण मुरुडास गेले. परीक्षेसाठी मुरुडचा हा लहानखुरा मुलगा सोबत्यांसह घाट चढून शंभरावर मैल पायी साताऱ्यास गेला आणि तेथे परीक्षकाने, हा वयाने लहान दिसतो, म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. ही हकीकत वाचून हळहळले नाही असे मराठी मूल विरळा. पण त्याच पुस्तकात दुसरी बाजूही आहे. १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. म्हणजे पुस्तकात आलेले गाव पहिल्यापासूनच नुसते नारळाच्या सावलीचे गाव नाही. ते मुलाला घडवते आणि मोठा झाल्यावर त्याला दाराबाहेरही उभे करते.

शेजारच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. त्याच वर्षाच्या २४ डिसेंबरला पालगडास पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. शिकायचे असेल तर गाव सोडले पाहिजे, हा धडा त्या तालुक्यातील घरांनी तोवर पक्का केला होता. पांडुरंग दापोलीच्या मिशन हायस्कुलात गेला, औंधास गेला, पुण्यास गेला. १९१७ साली आई वारली तेव्हा तो जवळ नव्हता. पुढे तो अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला, साने गुरुजी झाला, आणि १९३० साली शाळा सोडून सत्याग्रहात उतरला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्याने उतरून घेतली. आणि १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ९ तारखेस आरंभ करून १३ तारखेच्या पहाटेपर्यंत त्याने ‘श्यामची आई’ लिहिली. तुरुंगात लिहून झालेल्या भागास बाहेर आल्यावर आणखी काही प्रकरणांची जोड मिळाली आणि १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले.

पाच दिवसांत पुस्तक लिहून झाले ही गोष्ट आपल्याकडे चमत्कारासारखी सांगितली जाते. आमच्या मते त्याहून मोलाची गोष्ट ही की ते पालगडात लिहिले गेले नाही. पुस्तकाची रचनाच पाहा. मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे आहेत. अशा बेचाळीस रात्री आहेत. ऐकणारे सारे दुसरीकडचे आहेत. त्यांना कोकण समजावून सांगावे लागते. खोत म्हणजे काय, पत्रावळ कशी लावतात, भाताच्या दिवसांत घरात काय चालते, हे श्याम थांबून थांबून सांगतो. पालगडच्या मुलाला हे सांगण्याची गरज नव्हती. हे पुस्तक मुळातच परगावच्या श्रोत्यांपुढे सांगितलेले आहे, आणि म्हणूनच परगावच्या मुलाला त्यात शिरताना उंबरठा लागत नाही.

आता त्यात काय आहे ते थोडे इतिहासाच्या नजरेने पाहू. श्यामचे आजोबा खोत. सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा, त्या बदल्यात गावावर हक्क गाजवणारा, असा हा कोकणातला वतनदार. पुस्तक सुरू होते तेव्हा घराचे ते वैभव ओसरू लागलेले आहे. भाऊबंदकी होते, वाटण्या होतात, श्यामच्या आईवडिलांना मोठे घर सोडून साध्या घरात राहावे लागते, कर्ज वाढते, सावकाराचा माणूस वसुलीसाठी दारात बसतो. पोहायला भिणाऱ्या श्यामला आई शिक्षा करून विहिरीवर पाठवते. आजारी आईऐवजी श्याम वडाला प्रदक्षिणा घालतो आणि लोक हसतील म्हणून लाजतो. दापोलीस शिकताना साठवलेल्या पैशांतून धाकट्या भावासाठी कोट शिवून तो पावसातून पायी घरी येतो. भाजीत मीठ नाही हे लक्षात येऊनही घरातले सारे ती निमूट जेवतात. या आठवणी आपण संस्काराच्या गोष्टी म्हणून वाचल्या आणि मुलांनाही तशाच वाचून दाखवल्या. त्या तशा आहेतच. परंतु त्यांच्या मागे एक घर खचत असल्याचा आवाज सतत ऐकू येतो. आई मुलाला मोठ्या मनाचे करू पाहते, कारण मोठ्या घराचा आधार राहिलेला नाही.

खोतीविषयी येथे चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण ते मुलांच्या पुस्तकात मावणारे नव्हते. खोताच्या खाली कुळे होती आणि त्यांची गाऱ्हाणी निराळी होती. गुरुजी नाशिकच्या कोठडीत लिहीत होते त्याच १९३३ साली कुलाबा जिल्ह्यात चरी येथे शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. ‘श्यामची आई’ ही कथा खोताच्या ओटीवरून सांगितलेली आहे, कुळाच्या पडवीतून नव्हे. तरीही तिच्यात एक म्हातारी महारीण येते. तिची लाकडाची मोळी पडलेली असते, गावातले कुणी हात लावीत नाही, आणि आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते. मग घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. त्या दोन वाक्यांत त्या काळच्या चांगुलपणाचा आवाका आणि त्याची मर्यादा, दोन्ही आहेत. गुरुजींनी यातले काही झाकले नाही. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे देऊळ हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. त्या उपोषणाची वाट आम्हांस पालगडच्या त्या मोळीपासून निघालेली दिसते.

मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की ‘श्यामची आई’ मागे पडे. तिच्या पाठोपाठ ‘श्याम’ आणि ‘धडपडणारा श्याम’ असत. त्यानंतर हात जाई तो श्री. ना. पेंडशांकडे. श्रीपाद नारायण पेंडसे यांचा जन्म १९१३ साली मुर्डी येथे झाला. बालपणीच ते मुंबईस आले, तेथेच शिकले, आणि मुंबईच्या बेस्टमध्ये नोकरी करीत त्यांनी आपल्या कादंबऱ्या लिहिल्या. ‘एल्गार’ १९४९ ची, ‘हद्दपार’ १९५० ची, ‘गारंबीचा बापू’ १९५२ ची. गारंबी हे दापोलीच्या परिसरातले गाव. बापू हा खोताच्या घरी राबणाऱ्या गरीब ब्राह्मणाचा मुलगा. तो खोतापुढे मान वाकवीत नाही, गावाने नाकारलेल्या राधेशी संसार मांडतो आणि त्याच गावात उजळ माथ्याने उभा राहतो. श्यामच्या आईच्या मांडीवर वाढलेल्या मुलाला बापू भेटणे म्हणजे घराच्या मागच्या दाराने त्याच गावात पुन्हा शिरण्यासारखे होते. तोच पाऊस, तेच आगर, तोच खोत. पण या वेळी खोताकडे खालून पाहिलेले. १९६२ च्या ‘रथचक्र’मध्ये मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबातून बाहेर पडणारी आई आहे. या कादंबरीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि १९८७ च्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये तर खोत घराण्याच्या पिढ्यांची उतरती कमानच त्यांनी दोन खंडांत उभी केली, ती शेजारच्या खेडच्या बाजूची, जगबुडी नदीच्या काठची. समीक्षकांनी या लेखनास प्रादेशिक कादंबरी म्हटले. घरातल्या कुमारवयीन वाचकाला त्या संज्ञेशी कर्तव्य नव्हते. त्याला एवढेच कळत होते की आपल्याला ठाऊक असलेल्या तालुक्यात आता मोठ्या माणसांच्या गोष्टी घडत आहेत.

येथवर जे सांगितले त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. कर्व्यांनी मुरुड लिहिले ते पुण्यात स्थायिक झाल्यावर. गुरुजींनी पालगड लिहिले ते नाशिकच्या तुरुंगात. पेंडशांनी गारंबी लिहिली ती मुंबईत. दापोली तालुक्याचे बालपण ज्यांनी मराठी मुलांना दिले ते सारे दापोली तालुका सोडून गेलेले होते. जमीन थोडी, माणसे फार, पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हाताला काम कमी. त्यामुळे मुंबईचे गलबत किंवा आगबोट धरणे हा त्या किनाऱ्याचा परिपाठच होता. त्या गावांतून पैसा, धान्य, पदवी फार निघाली नाही असे नाही. पण सर्वांत अधिक निघाली ती माणसे, आणि माणसांबरोबर आठवण. ही पुस्तके गावाची आहेत त्याहून अधिक गाव सुटल्याची आहेत. आणि आपणही गाव सुटलेलीच माणसे. नई सडकेवरच्या मराठी मुलाने पालगड आपले मानले, त्याचे कारण कोकणाशी असलेले रक्ताचे नाते हे नव्हे. आपल्यांत कोकणस्थ आहेत तसे देशस्थ, कऱ्हाडे, सारस्वत, कायस्थ प्रभू आहेत, मराठा सरदार-शिलेदारांची घराणी आहेत. खुद्द शिंदे सरकारांचे मूळ साताऱ्याकडील कण्हेरखेडचे. ज्यांचा कोकणाशी काडीचा संबंध नव्हता त्यांनीही पालगडचा वड आपल्या अंगणात लावला. सुटलेल्या माणसाने सुटलेल्या गावाविषयी सांगितले, आणि ऐकणाऱ्याने त्यात आपल्या हरवलेल्या गावाची रिकामी जागा भरून घेतली.

ही भरणी काही सोपी नव्हती. दापोलीस वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. ग्वाल्हेरास त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. आपल्याकडच्या मुलाने वैशाखातली लू पाहिलेली, चंबळच्या बाजूचे बीहड आगगाडीतून पाहिलेले, शेतात मोहरी आणि बाजरी पाहिलेली. त्याला पऱ्ह्या म्हणजे काय, साकव म्हणजे काय, गडगा, आगर, पडवी, माजघर म्हणजे काय, हे कुणीतरी सांगावे लागे. सांगणारी बहुधा आजी असे, आणि तिनेही यांतले निम्मे शब्द पुस्तकांतूनच उचललेले असत. अशा रीतीने कोकणची बोली कधीही न बोललेल्या घरांत कोकणचे शब्द नांदू लागले. शहराचे मराठी तर आधीच हिंदीच्या शेजारात निराळे झालेले होते. ‘नई सडक’ हे नाव हिंदी, आणि त्याला आपण ‘नई सडकेवर’, ‘नई सडकेहून’ असे मराठी प्रत्यय लावतो, त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. श्यामच्या पत्रावळीचेच घ्या. आपल्याकडच्या लग्नांत, भंडाऱ्यांत ढाकाच्या पानांची पत्तल जन्मभर मांडली गेली. ढाक म्हणजेच पळस, आणि पत्तल म्हणजेच पत्रावळ. पण पत्रावळ हा शब्द पुस्तकातला, पवित्र. आणि पत्तल बाजारातली, रोजची. दोन्ही एकच, हे मुलाला फार उशिरा उमगे. या एका उदाहरणात आमच्या सांगण्याचे मर्म आहे. पुस्तकाने आपल्याला दूरचे गाव दिले. पण पायाखालच्या गावाला मराठीत नाव देण्याचे काम त्याच्याकडून होण्यासारखे नव्हते.

येथे ग्वाल्हेरकरांनी अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट आहे. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. त्या चित्रपटास १९५४ साली, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यात श्यामची भूमिका माधव वझे यांनी केली आणि आईची वनमालाबाईंनी. या वनमालाबाई म्हणजे पूर्वाश्रमीच्या सुशीला पवार. १९१५ साली उज्जयिनीत जन्मलेल्या, ग्वाल्हेर संस्थानातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कन्या. १९४१ च्या ‘सिकंदर’मध्ये सोहराब मोदी आणि पृथ्वीराज कपूर यांच्यासमवेत इराणी वेषात वावरलेली ही पदवीधर नायिका, बारा वर्षांनी कोकणातल्या कर्जबाजारी घराची गृहिणी होऊन चुलीपुढे बसली. महाराष्ट्राला श्यामच्या आईचा जो चेहरा ठाऊक झाला तो पालगडचा नव्हता, मध्यभारतातल्या मराठ्यांच्या घरचा होता. वनमालाबाई उत्तरायुष्यात चित्रपटांपासून दूर गेल्या आणि २००७ च्या मे महिन्यात ग्वाल्हेरासच त्यांनी देह ठेवला. आईपणाला तालुका नसतो असे कुणी म्हणेल. आम्ही थोडे निराळे म्हणू. जे गाव आपण कधी पाहिले नाही ते ऐकून, वाचून, जिवाला लावून घेता येते. इतके की पुढे त्याच गावच्या लोकांना ते आपल्या चेहऱ्यात ओळखू यावे. बाहेर वसलेल्या मराठी माणसाने मूळ प्रदेशाला काही परत दिल्याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस सुचत नाही.

मग आपल्या स्वतःच्या प्रदेशाचे काय? येथे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचे स्मरण अपरिहार्य आहे. ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीस जन्मलेले, आयुष्यभर मध्यभारतातच वावरलेले आणि १९४१ साली ग्वाल्हेरातच निवर्तलेले तांबे मुलांसाठीही गात होते. त्यांच्या कवितांच्या माथ्यावर राग आणि ताल छापलेले असत, यात तानसेनाच्या या गावाचा वारा आहे. माधव जूलियनांनी संपादिलेली त्यांची समग्र कविता प्रसिद्ध झाली ती १९३५ साली, म्हणजे ज्या वर्षी ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी. एकाच वर्षी मराठी मुलांना तुरुंगातून पालगड मिळाले आणि लष्करातून गाणे मिळाले. पुढे १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरास भरले. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. म्हणजे या शहरात मराठी साहित्याचे वातावरण नव्हते असे कुणाला म्हणता येणार नाही. तरीही लष्करच्या मुलाला नायक करून, लष्करचे रस्ते, उन्हे, माणसे घेऊन लिहिलेले आणि श्यामसारखे घरोघर वाचले गेलेले मराठी गद्य पुस्तक आपल्या कपाटांत नाही. आपल्याकडे गाणे झाले. गोष्ट झाली नाही.

याचे कारण आम्हांस असे वाटते की आपण स्वतःला अद्याप निघालेले समजलो नाही, आलेले समजलो. दापोलीच्या लेखकांना पक्के ठाऊक होते की गाव मागे पडले आहे आणि आता ते लिहिले नाही तर कुणाच्याच हाती राहणार नाही. आपल्याला वाटत राहिले की लष्कर तर येथेच आहे, वाडा येथेच आहे, लिहायचे काय? आणि आता परिस्थिती पालटली आहे. मुले शिकण्यासाठी, नोकरीसाठी पुण्यास, बंगळुरास, सातासमुद्रापलीकडे गेली. वाडे पडून त्यांच्या जागी दुकाने आणि मजले उभे राहिले. पालगडच्या घरांना १९०० च्या सुमारास जे झाले ते आपल्या घरांना शंभर वर्षांनी होत आहे. कोकणच्या मुलाने ज्या वेळी गाव लिहिले ती वेळ आता आपल्यावर आली आहे.

दुसरा प्रश्न नातवंडांचा. त्यांना ‘श्यामची आई’ कशी द्यावी? हिंदी अनुवाद फार पूर्वीपासून आहे. शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२१ साली प्रसिद्ध झाला. सुजय डहाके यांनी २०२३ साली त्याच कथेवर पुन्हा मराठी चित्रपट केला. गुरुजींच्या निधनास साठ वर्षे होऊन गेल्यामुळे २०११ पासून पुस्तकावर कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. कुणीही ते छापू शकतो, वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो. साधने भरपूर आहेत. देवनागरी वाचता येते पण मराठी शब्द अडतात, अशी आपल्या नातवंडांची स्थिती आहे. त्यांना हिंदीत पुस्तक देऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. गुरुजींनी स्वतः ‘गोड गोष्टीं’च्या रूपाने परभाषेतील कितीतरी कथा मराठी मुलांना दिल्या, आणि आंतरभारतीचे स्वप्न पाहिले ते याच देवाणघेवाणीचे. परंतु मूळ पुस्तक सांगितलेले आहे, लिहिलेले कमी. म्हणून ते मोठ्याने वाचून दाखवले तर भाषा न येणाऱ्या मुलालाही निम्मे समजते, आणि उरलेले तो विचारतो. हे विचारणे हीच खरी मिळकत. ‘साकव’ म्हणजे काय, असे त्याने विचारावे आणि आपण सांगावे. आणि सांगता सांगता स्वर्णरेखेवरच्या एखाद्या जुन्या पुलाची गोष्ट आपल्याही तोंडून निघावी.

त्या गोष्टी लिहून ठेवाव्यात, एवढेच आमचे वाचकांस मागणे आहे. त्यासाठी लेखक असण्याची गरज नाही. साने गुरुजींची रीत डोळ्यांपुढे आहेच: एक रात्र, एक आठवण, समोर परगावचा श्रोता. १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केलेल्या मेळ्यात थंडीने कुडकुडत काढलेली संध्याकाळ. संक्रांतीला तिळगुळाच्या वाटीत येऊन बसलेली गजक. फालका बाजारातून आणलेली पहिली पाटी. गणपतीच्या आरतीला मराठी येत नसताना टाळ धरणारा शेजारचा मुलगा. पत्तल आणि पत्रावळ एकच हे ज्या दिवशी कळले तो दिवस. यात थोर असे काही नाही. पालगडच्या विहिरीतही थोर असे काही नव्हते. पोहायला भिणारा एक मुलगा आणि त्याला पाण्यात उतरवणारी एक आई, एवढेच होते. ज्यांच्या जवळ अशी एखादी आठवण असेल त्यांनी ती चार पानांत लिहावी, मराठी अडखळत असेल तर अडखळत लिहावी, आणि हिंदी शब्द आला तर तो तसाच राहू द्यावा. लष्करचे मराठी तसेच आहे, आणि उद्याच्या मुलाला ते तसेच ऐकू आले पाहिजे.